कोकणच्या सड्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ कशासाठी जमतात?

स्थानिक वनस्पतींचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रादेशिक संमेलनासाठी कोकणात एकत्र येतात, तेव्हा सभागृहात वाचल्या जाणाऱ्या शोधनिबंधांइतकेच महत्त्व बाहेरच्या सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळी पठारावरील, पायपिटीला असते. रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर, गोवा, कारवार अशा निरनिराळ्या ठिकाणी काम करणारी माणसे एकाच कातळावर गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून, बोटभर उंचीच्या रोपांविषयी तासन्‌तास चर्चा करतात. ज्यांच्या गावात हे घडते त्यांना साहजिकच प्रश्न पडतो, की एवढ्याशा झाडोऱ्यात पाहण्यासारखे काय आहे आणि त्यासाठी इतक्या जणांनी एका जागी का यावे. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण त्या चर्चेतून जे निष्पन्न होते त्यावर आपल्या सड्यांचे, राईंचे आणि रोपवाटिकेतून आपण आणतो त्या रोपांचेही भवितव्य काही अंशी अवलंबून असते.

स्थानिक म्हणजे नेमके काय

रोजच्या बोलण्यात आपण 'स्थानिक' हा शब्द सैलपणे वापरतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारे झाड आपल्याला गावचेच वाटते. वनस्पतिशास्त्रात मात्र तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. माणसाने आणून न लावता जी वनस्पती एखाद्या प्रदेशात आली, रुजली आणि तिथेच वाढत राहिली, ती त्या प्रदेशाची देशी वनस्पती होय. देशी वनस्पतींपैकी ज्या एका ठरावीक भूभागाबाहेर जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत, त्यांना प्रदेशनिष्ठ म्हणतात. माणसाच्या हाताने बाहेरून आलेल्या त्या परकी, आणि परकी वनस्पतींपैकी ज्या स्वतःहून पसरून देशी वनस्पतींची जागा बळकावतात त्या आक्रमक ठरतात.

या कसोटीवर पाहिले तर काही उत्तरे अनपेक्षित येतात. काजू हा कोकणाच्या अर्थकारणाचा कणा आहे, पण तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणलेला वृक्ष आहे. चारशेहून अधिक वर्षे इथे राहूनही तो शास्त्रीय अर्थाने देशी होत नाही. यात काजूचा कमीपणा नाही, कारण हा शब्द उपयुक्ततेविषयी काहीच सांगत नाही, केवळ उगमाविषयी सांगतो. किनाऱ्यावरची सुरूची बने आपल्या डोळ्यांना इतकी सरावली आहेत की ती किनाऱ्याचाच भाग वाटतात. सुरू अंदमानच्या किनाऱ्यावर आणि आग्नेय आशियात नैसर्गिकरीत्या वाढतो. कोकणात तो लावलेला आहे. म्हणजे एखादे झाड भारताचे असूनही कोकणाचे नसू शकते. रानमोडी, घाणेरी आणि कुंपणाला लावले जाणारे गिरिपुष्प ही तिन्ही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या दोघींनी पायवाटांच्या कडा व मोकळी राने किती व्यापली आहेत हे कोकणात फिरणाऱ्याला सांगावे लागत नाही.

याउलट कोकमाचे झाड पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या किनारी पट्ट्यापुरते मर्यादित आहे. सुरंगीचेही तसेच. वेंगुर्ल्याजवळच्या आसोलीसारख्या गावांत फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगीच्या कळ्यांचा वास दरवळतो, तो ज्या वृक्षामुळे दरवळतो त्या वृक्षाचे नैसर्गिक घर जगाच्या नकाशावर एक चिंचोळी पट्टी आहे. दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर याहूनही थोड्या जागेत, मुख्यतः कोकणातल्या सड्यांवर वाढते.

एखादी वनस्पती देशी आहे की नाही हे ठरवायला अभ्यासक अनेक पुरावे एकमेकांशी ताडून पाहतात. जुन्या संग्रहांतील वाळवलेले नमुने केव्हाचे व कोठले आहेत, तिचे जवळचे नातलग जगात कोठे राहतात, माणसाचा वावर नसलेल्या जागीही ती स्वतः बी धरून पिढी चालवते का, तिच्यावर अवलंबून असलेले कीटक इथे आहेत का, अशा प्रश्नांची उत्तरे एका माणसाकडे क्वचितच असतात. एकाने तीस वर्षे फक्त गवते पाहिलेली असतात, दुसऱ्याने फक्त आमरे म्हणजे ऑर्किड, तिसऱ्याकडे जुन्या दप्तरांची माहिती असते. संमेलनाची गरज इथूनच सुरू होते.

कातळावरचे चार महिने

कोकणातल्या स्थानिक वनस्पतींविषयी बोलताना अभ्यासक वारंवार सड्याकडेच का वळतात, हे समजायला आधी सडा समजून घ्यावा लागतो. जांभा हा उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत मूळ खडकाची दीर्घकाळ रासायनिक झीज होऊन तयार झालेला दगड आहे. पाण्याबरोबर सिलिका आणि कॅल्शियमसारखी द्रव्ये वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात, आणि उघड्यावर आल्यावर ती कडक होतात. या दगडाचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारातील निरीक्षणांवरून १८०७ मध्ये प्रसिद्ध केले. ते स्वतः वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

जांभ्याच्या सपाट माथ्यावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरच असतो, अनेक ठिकाणी तो नसतोच. एप्रिल-मे महिन्यांत हा कातळ इतका तापतो की अनवाणी पाऊल ठेववत नाही. जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षभराचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. ज्या खळग्यांत मे महिन्यात धूळ होती तिथे डबकी साचतात, कातळावरून पाण्याचा पातळ पडदा वाहत राहतो, आणि ऑक्टोबर सरता सरता सारे पुन्हा कोरडे होते. भाजणारा दगड आणि साचलेले पाणी या दोन्ही टोकांच्या परिस्थिती एकाच जागी, एकाच वर्षात सोसणाऱ्या वनस्पती फार थोड्या असतात. ज्या आहेत त्यांनी त्यासाठी निरनिराळे मार्ग काढले आहेत.

बहुसंख्य वनस्पती आपले संपूर्ण आयुष्य पावसाळ्यातच उरकतात. बी रुजते, रोप वाढते, फुलते, बी धरते आणि मरून जाते; उन्हाळा ती केवळ बीजरूपाने पार करते. दीपकाडी, फोडशी, काळी मुसळी यांसारख्या वनस्पती जमिनीखालच्या कंदात किंवा मुळांत अन्न साठवून दगडाच्या फटीत पडून राहतात आणि पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच वर येतात. तिसरा मार्ग सर्वांत विलक्षण आहे. काही वनस्पती पाने पार वाळून चुरा होतील इतक्या सुकतात, तरी मरत नाहीत, आणि पाणी मिळताच तीच पाने पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०२२ मध्ये पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी केवळ नऊ जाती माहीत होत्या. हा अभ्यास प्रामुख्याने उघड्या खडकांवर झाला, म्हणजे ज्या जागांना आपण उजाड म्हणतो त्यांवरच.

सड्यावरच्या पातळ मातीत नत्र आणि स्फुरद यांचा तुटवडा असतो. त्यावर उपाय म्हणून काही वनस्पती कीटक खातात. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले ज्या वनस्पतीची आहेत, तिच्या मुळासारख्या धाग्यांवर अतिशय बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसाला पाण्यातल्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात पिशवी उघडते आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब कीटकांना धरून ठेवतात. ज्या मातीत खत भरपूर, तिथे या वनस्पतींचे हे कसब निरुपयोगी ठरते, कारण उंच आणि वेगाने वाढणारी गवते त्यांना झाकून टाकतात. सड्याची माती सुपीक केली की सड्याच्या वनस्पती जातात, ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

गवतांकडे सहसा कोणी पाहत नाही, पण सड्यावरची गवतेही अशीच खास आहेत. ग्लायफोक्लोआ नावाचा गवतांचा एक लहानसा गट भारताच्या द्वीपकल्पापुरता मर्यादित आहे आणि त्याच्या बऱ्याच जाती जांभ्याच्या पठारांवरच वाढतात; त्यांपैकी एकीच्या शास्त्रीय नावात रत्नागिरीचे नाव आहे. गोव्यातील भगवान महावीर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील कमी उंचीच्या जांभ्याच्या पठारांवरून २०२० मध्ये एका नव्या गवताची नोंद झाली आणि त्याला गोवा विद्यापीठाचे ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ एम. के. जनार्दनम यांचे नाव देण्यात आले. एकविसाव्या शतकातही माणसांच्या वस्तीपासून जवळच्या पठारावर नाव नसलेले गवत सापडू शकते, यावरून किती काम बाकी आहे याचा अंदाज येईल.

ओळख पटवण्याचे काम

आता संमेलनाच्या गाभ्याकडे येऊ. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सड्यावर पांढऱ्या, बोंडासारख्या गोल फुलांचे ताटवे दिसतात, त्यांना गेंद म्हणतात. दुरून सगळे गेंद सारखेच. या प्रजातीच्या भारतात सुमारे १११ जाती आहेत आणि त्यांपैकी जवळजवळ ७० टक्के जाती भारताबाहेर आढळत नाहीत. जे आपल्याला एक फूल वाटते ते प्रत्यक्षात अनेक अतिसूक्ष्म नर आणि मादी फुलांचे मुंडके असते. जाती वेगळ्या ओळखण्यासाठी त्या एकेका फुलाच्या पाकळ्या, त्यांवरचे केस, आणि बियांच्या कवचावरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. बी पक्व नसेल तर अनुभवी अभ्यासकही ठामपणे नाव सांगायला धजत नाही, आणि ते योग्यच आहे.

काही वर्षांपूर्वी आघारकर संस्थेच्या अभ्यासकांनी गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. एक सिंधुदुर्गातली, जिचे मुंडके फार लहान आहे. दुसरी कर्नाटकच्या किनाऱ्यावरील कुमठा परिसरातली. दोन्ही किनारपट्टीवरच्या, पण मधे गोवा आणि दोन राज्यांच्या सीमा आहेत. वनविभाग, विद्यापीठे, अनुदाने आणि वनस्पतींच्या याद्या राज्यांच्या सीमांनुसार विभागलेल्या असतात. जांभ्याचा पट्टा मात्र रत्नागिरीपासून गोव्यातून पुढे कर्नाटकात जातो. त्यामुळे एकच गेंद सिंधुदुर्गच्या यादीत एका नावाने आणि शेजारच्या राज्याच्या यादीत दुसऱ्या नावाने नोंदवला जाणे अगदी शक्य असते, आणि उलट, एकाच नावाखाली दोन वेगळ्या जाती लपलेल्या असणेही शक्य असते. पहिली चूक झाली तर दुर्मीळ नसलेली वनस्पती दुर्मीळ वाटते. दुसरी चूक झाली तर खरोखर दुर्मीळ असलेली वनस्पती सर्वत्र आढळणारी समजली जाते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. मला दुसरी चूक अधिक गंभीर वाटते, कारण तिचा पत्ता लागेपर्यंत ती वनस्पती राहते की नाही याची शाश्वती नसते.

हा गुंता सोडवायचा तर निरनिराळ्या ठिकाणचे नमुने एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे लागतात. नमुना म्हणजे फुला-फळांसकट आणि शक्य तेव्हा मुळासकट गोळा केलेली, टीपकागदांत दाबून वाळवलेली आणि जाड कागदावर चिकटवलेली वनस्पती. तिच्यासोबतच्या चिठ्ठीवर गोळा केल्याचे ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि वाळल्यावर नाहीशा होणाऱ्या गोष्टी, म्हणजे फुलाचा रंग, वास, पाण्यात होती की दगडावर, हे लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेल्या नमुन्याला जवळजवळ काही किंमत नसते. असे लक्षावधी नमुने वनस्पतिसंग्रहांत जपलेले असतात; १८९० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संस्थेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहात कोकणातले जुने नमुने पाहायला मिळतात.

नव्या जातीला नाव देताना एक ठरावीक नमुना 'प्ररूप' म्हणून निवडावा लागतो. पुढे कधीही त्या नावाविषयी वाद झाला तर तो त्या एका नमुन्यापाशी येऊन मिटवावा लागतो. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची गणना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्या १७५३ मधील ग्रंथापासून सुरू होते, आणि एकाच जातीला दोन नावे दिली गेली असतील तर सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. म्हणूनच आजही एखादी वनस्पती नवी आहे असे म्हणण्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात कोकणात वनस्पती गोळा करणाऱ्या निकोल डालझेल यांची वर्णने आणि थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ उघडून पाहावा लागतो. दीपकाडीचे पहिले शास्त्रीय वर्णन डालझेल यांचेच आहे. भारतातील कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करणेही बंधनकारक आहे.

नावांचे हे नियम साधारणपणे दर सहा वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदानाने बदलले जातात; २०१७ ची परिषद चीनमधील शेन्झेन येथे आणि २०२४ ची माद्रिद येथे झाली. प्रादेशिक संमेलनात मतदान होत नाही. समोरचे रोप कोणत्या जातीचे आहे हे बहुमताने ठरवता येत नाही, ते रोपाच्या अवयवांवरूनच ठरते, आणि पुरावा अपुरा असेल तर निर्णय पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतो. ज्येष्ठ अभ्यासकाने दिलेले नाव एखाद्या विद्यार्थिनीने आणलेल्या पक्व बियांमुळे बदलले जाऊ शकते. ही या शाखेची फार निरोगी बाजू आहे.

नावापासून संरक्षणापर्यंत

वनस्पतीचे नाव निश्चित झाले की ती किती धोक्यात आहे हे मोजता येते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीतील एक निकष जातीने प्रत्यक्ष व्यापलेल्या क्षेत्राचा आहे. ते १० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर जात अतिसंकटग्रस्त, ५०० पेक्षा कमी असेल तर संकटग्रस्त आणि २,००० पेक्षा कमी असेल तर असुरक्षित ठरू शकते. मात्र त्याच्या जोडीला अधिवासाचे तुकडे होणे किंवा संख्येत घट होत राहणे अशा आणखी अटी पूर्ण व्हाव्या लागतात. हे क्षेत्र साधारणपणे दोन किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी मांडून मोजतात. त्यामुळे एखादी वनस्पती सड्यावरच्या खोलीएवढ्या डबक्यात असली तरी तिच्या नावावर चार चौरस किलोमीटर मांडले जातात. सड्यावरच्या जातींच्या बाबतीत हा आकडा वास्तवापेक्षा कितीतरी आश्वासक दिसतो, आणि अशा जाती प्रत्यक्ष सड्यावर मोजणाऱ्या माणसांची साक्ष त्यामुळे अधिक मोलाची ठरते.

संरक्षणाच्या मार्गातील मोठी अडचण महसुली नोंदींत आहे. ज्या कातळावर नांगर चालत नाही तो सातबाऱ्यावर पोटखराब्यात जातो आणि शासकीय नकाशांत पडीक म्हणून दाखवला जातो. पडीक म्हटलेल्या जमिनीचा काही ना काही उपयोग करावा असे प्रत्येकालाच वाटते. चिरेखाणी, प्रकल्प, कातळात खड्डे फोडून आणि बाहेरून माती आणून केलेल्या आंबा-काजूच्या बागा, रस्ते, सगळे याच जागेकडे वळते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यांत कास पठारासह महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत. समुद्रालगतच्या सड्यांपैकी मात्र एकही त्यांत नाही. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाल्यामुळे काही सड्यांकडे प्रथमच जपण्याची जागा म्हणून पाहिले जाऊ लागले. शिल्पांभोवतीचा परिसर राखताना त्यांच्या शेजारचे गेंद आणि सीतेची आसवे यांनाही जागा ठेवली, तर एकाच खर्चात दोन वारसे राखले जातील.

स्थानिक पातळीवर उपलब्ध असलेले साधन म्हणजे २००२ चा जैविक विविधता कायदा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी अशी तरतूद आहे. नोंदवहीत आंबा, फणस, करंज यांची नावे सहज लिहिली जातात. सड्यावरच्या वनस्पती तिथे येत नाहीत, कारण त्यांची नावे सांगणारे कोणी समितीवर नसते. संमेलनाला जमलेल्या अभ्यासकांनी एक दिवस यजमान गावाच्या समितीसोबत बसून त्या गावच्या सड्याची यादी नोंदवहीत उतरवून द्यावी, असा माझा आग्रह आहे. शोधनिबंध जगभर वाचला जातो, पण गावातल्या जमिनीविषयीचा ठराव ग्रामसभेत होतो.

देवराईंच्या बाबतीत असे घडलेले आहे. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे-हेवाळे परिसरात रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल एका राईत टिकून आहे. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळावी म्हणून या वृक्षांची मुळे चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. गावकऱ्यांनी देवाची म्हणून राखलेली ही जागा अभ्यासकांनी ओळखली आणि पुढे तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. राखणारे आणि ओळखणारे दोघेही नसते तर हे झाले नसते.

झाडे कोठे लावू नयेत

स्थानिक वनस्पतींविषयी आस्था असलेले अनेक जण पावसाळ्यात वृक्षारोपण करतात आणि मोकळी जागा म्हणून सडा निवडतात. हेतू चांगला असला तरी हे करू नये. सडा हा जंगल तुटून उजाड झालेला भाग असतोच असे नाही. तिथे उंच झाडे मुळातच वाढत नाहीत, म्हणूनच तिथल्या प्रकाशप्रिय, बुटक्या वनस्पती जगू शकतात. आकेशिया म्हणून ओळखली जाणारी ऑस्ट्रेलियाकडची बाभूळ कोकणात मोठ्या प्रमाणावर लावली गेली. ती वेगाने वाढते, सावली धरते, तिचा पालापाचोळा कातळ झाकतो, आणि तिच्या मुळांवरच्या गाठींमधील जिवाणू मातीत नत्र वाढवतात. नत्र वाढल्यावर कीटकभक्षी वनस्पतींचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

झाडे लावायची तर जिथे पूर्वीपासून झाडी होती तिथे लावावीत. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर उंडी, करंज आणि केवडा. टाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडून विरळ झालेल्या उतारांवर किंजळ, ऐन, कुंभा. घराभोवती कोकम, सुरंगी, बकुळ. बी शक्यतो त्याच परिसरातल्या, एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे घ्यावे, म्हणजे रोपांत विविधता राहते. कोकमाचे बी फार दिवस ठेवता येत नाही, रातांबे पिकले की ते ताजेच पेरावे लागते. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून झालेल्या रोपांत निम्मी-अधिक नर निघू शकतात. यामुळे बागायतदार मादी झाडाची कलमे पसंत करतात, आणि उत्पन्नाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण गावच्या राईत किंवा ओढ्याकाठी लावताना बियांची रोपेच लावावीत, कारण सगळीच झाडे थोड्याशा मातृवृक्षांची कलमे असतील तर एखाद्या रोगाला तोंड देण्याची त्यांची शक्ती घटते.

ज्यांच्या मालकीचा कातळ आहे आणि ज्यांना त्यावर बाग केल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांना सरसकट नको म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी निदान पाणी साचणारे खळगे आणि त्यांच्या कडेची पट्टी न भरता ठेवावी. सड्यावरच्या वनस्पतींची सर्वाधिक गर्दी तिथेच असते, आणि तेच पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपत उतारावरच्या झऱ्यांपर्यंत पोहोचते.

गावातून काय करता येईल

अशा संमेलनांतील सड्यावरच्या फेरीला गावातल्या माणसांचे बहुधा स्वागतच होते, आणि त्यांच्याकडची माहिती अभ्यासकांना अन्यत्र मिळत नाही. शेवळा कोणत्या उतारावर आधी येतो, त्याची खाज जावी म्हणून त्यात काकडाची फळे का घालतात, कवळा, भारंगी आणि फोडशी पूर्वी कोठे मिळत असे आणि आता का मिळत नाही, हे भाजी खुडणाऱ्या बायकांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही संग्रहात लिहिलेले नसते.

एरवीही आपण नोंदी करू शकतो. अनोळखी रोप दिसले तर ते उपटू नये. त्याचे जमिनीलगतचे खोड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून आणि बाजूने, आणि असल्यास फळ, अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत व एका छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. सोबत तारीख, सड्याचे नाव, रोप पाण्यात होते की कोरड्या दगडावर, आणि गावात त्याला काय म्हणतात हे लिहून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावे. अतिशय दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, कारण कंद खणून नेणारे आणि फुलांवर पाय देत छायाचित्रे काढणारे दोघेही तिथे पोहोचतात.

वेळही पाहावी लागते. दीपकाडी आणि इतर कंदवर्गीय वनस्पती पहिल्या पावसानंतर जून-जुलैत फुलतात. सीतेची आसवे, तेरडा आणि गेंद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. गेंदाची बी पक्व व्हायला सप्टेंबर उलटावा लागतो, आणि गवतांची ओळख पटवायची असेल तर ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे साधावेत, कारण त्यानंतर कणसे गळतात आणि नाव निश्चित करायला पुढचा पावसाळा यावा लागतो.